जिन्याखालचा पिवळा बल्ब

टेस्टर हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण गल्लीत दुसऱ्या नावानं त्याला कुणी हाक मारत नाही. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर, आणि तीस वर्षं घरोघरी वायरिंग. पंखा कुरकुरला की नुसत्या आवाजावरून दुखणं सांगणारा माणूस. पण स्वतःच्या घरात त्यानं एक सुधारणा केली आणि ती अंगाशी आली.

त्याच्या घरात जिन्याखाली भिंतीतलं कपाट आहे. भिंतीपलीकडे न्हाणीघर, त्यामुळे ती कायम दमट. त्याचे वडील बोटीवर नोकरीला होते. एका सुट्टीत त्यांनी कपाटाच्या तळाशी चाळीस वॅटचा पिवळा बल्ब लावला, त्यावर जाळी बसवली, फळ्या भिंतीपासून चार बोटं सोडून ठोकल्या आणि दाराला वर-खाली भोकं पाडली. "पाऊस असेपर्यंत हा विझवायचा नाही," असं बायकोला बजावून ते बोटीवर परत गेले.

फळीवर त्यांचीच पत्रं होती, अकरा वर्षांची. टेस्टरच्या आईला वाचता येत नव्हतं. पत्र आलं की टेस्टर शाळेतून आल्या आल्या वाचून दाखवायचा आणि आई चूल मंद करून ऐकायची. पुढे एका आजारपणात वडील गेले. तेव्हापासून आईचं एकच मागणं होतं.

"एकदा सगळी पहिल्यापासून वाच रे."

"वाचतो गं. हातातलं काम उरकू दे."

काम कधी उरकलं नाही.

तीन वर्षांपूर्वी त्यानं घरातले सगळे जुने बल्ब काढून एलईडी लावले. जिन्याखालचाही सोडला नाही. आईनं हात लावून पाहिला.

"हा तापत नाही रे."

"तेच तर त्याचं कौतुक. वीज कमी खातो आणि उजेड दुप्पट."

"उजेड कुणाला हवाय? पत्रं काय रात्री उठून एकमेकांना वाचतात?"

टेस्टरची बायको खो खो हसली. तोही हसला. आई म्हणाली, "बरं बाबा, त्यातलं तुला कळतं."

पुढे आईचे गुडघे धरले. खाली वाकून कपाट उघडणं तिला जमेना. भोकांतून उजेड दिसायचा, त्यावर ती निश्चिंत होती.

यंदा ऐन पावसात टेस्टर शिडीवरून पडला आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. "आता कुठे पळशील?" असं म्हणत आईनं सुनेला कपाट उघडायला लावलं. दार उघडताच कुबट वास घरभर पसरला. पत्रांच्या गठ्ठ्याची वीट झाली होती आणि तिच्यावर हिरवी-करडी लव होती.

वायरमनला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. जुना बल्ब उजेडासाठी नव्हताच. त्याच्या उबेनं आतली हवा कोरडी राहायची आणि भोकांतून खेळायची. हे त्यानं दुसऱ्याला शहाणपणानं सांगितलं असतं.

नाकाला फडकं बांधून त्यानं बुरशी झाडली, गठ्ठा सावलीत वाळवला आणि चाकूनं कागद सोडवू लागला. शाई पार फुटली होती. दोन दिवसांनी एका पानाच्या तळाशी अक्षरं लागली.

"बाकी सर्व ठीक. काळजी नसावी," त्यानं वाचलं.

"ते तर प्रत्येक पत्रात असायचं," आई म्हणाली. "वरचं वाच."

वर नुसता डाग होता.

"तूच वाचलीयेस ना सगळी? आठवेल तेवढं सांग."

टेस्टरनं चाकू खाली ठेवला. मग म्हणाला, "आई, मी तेव्हा मधल्या ओळी गाळायचो. खेळायला जायची घाई असायची."

"ठाऊक होतं मला. पान एवढं लांब आणि तुझं वाचणं एवढुसं. म्हणून तर पुन्हा वाच म्हणत होते."

ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

प्लास्टर निघाल्यावर चाळीसच्या पिवळ्या बल्बसाठी तो लंगडत तीन दुकानं फिरला. तिसरा दुकानदार म्हणाला, "टेस्टर, हे बल्ब ठेवू नका म्हणून तूच कानीकपाळी ओरडत होतास ना?" दुकानदारानं माळ्यावरून एक बल्ब शोधून दिला.

त्यानं तो तळाशी लावला आणि काच गरम होईपर्यंत हात धरून बसला. मग पत्रांची उरलेली वीट उचलून फळीवर ठेवली, भिंतीपासून चार बोटं सोडून.