शालिनीच्या नोकरीचे गाऱ्हाणे

सुधा रघुनाथ परुळेकर, तू गेल्यानंतर तुझ्या माहेरी मी तुझ्यावाचून प्रथमच निघालो, तो दिवाळीनंतरचा पंधरवडा होता. बोलावणे तुझ्या भावाचे, दत्तारामाचे. त्याची शालिनी तुझ्याच आग्रहाने अर्थशास्त्र घेऊन बी. ए. झाली आणि मक्तेदारीची चौकशी करणाऱ्या मुंबईच्या एका सरकारी कार्यालयात आर्थिक अन्वेषक म्हणून तिची निवड झाली. तिला पाठवावे, की गावच्या शाळेत शिकवू द्यावे, हे दत्तारामाला ठरवता येईना. माझी हयात सरकारी नोकरीत भाडी आणि दर तपासण्यात गेलेली. म्हणून माझा शब्द हवा होता. आजवर त्या घरी माझ्या वतीने तूच बोलायचीस. मी मान हलवीत असे.

ज्या वाचकांना हा प्रवास करावयाचा असेल, त्यांनी भाऊच्या धक्क्यावरून सकाळची आगबोट धरावी. डेकचे तिकीट परवडते. सतरंजी मात्र स्वतःची असावी आणि जागा इंजिनापासून दूर घ्यावी. सायंकाळी किनारा निळसर होत गेला. डोंगर पाण्यावर तरंगत असल्याचा भास झाला. बंदरामागून बंदर येई, मचवे कंदील हलवीत बोटीला लागत, माणसे उतरत आणि अंधुक प्रकाशात विरून जात. पुढच्या बंदरात तू चढशील, असे मला प्रत्येक वेळी वाटे.

सकाळी धुक्यातून सिंधुदुर्गाचा तट वर आला. मचव्यातून मालवणला उतरलो. धक्क्याजवळच्या खानावळीत घावणे उत्तम मिळतात. तेथून एस. टी. ने खाडीपर्यंत गेलो आणि पुढे तरीसाठी, म्हणजे पैलतीरी नेणाऱ्या होडीसाठी, थांबलो. खाडी ओलांडण्याचा मक्ता आबाचा. दुसरी होडी नाही. आबा काठावरच्या झोपडीत निवांतपणे पेज जेवत होता.

"दुपार होवक इली रे, आबा!" टोपलीवाली एक म्हातारी ओरडली.

"घाई आसा? मगे घे उडी!" आतून उत्तर आले.

मी पाण्याकडे पाहत बसलो. त्या पाण्यात माडांच्या सावल्या इतक्या स्थिर होत्या, की होडी न आली तरी चालले असते.

मसुऱ्यास, तुझ्या माहेरच्या घरी, दत्तारामाने पाय धुवायला पाणी दिले आणि लगेच विचारले, "भावोजी, ह्या काम तरी काय? सुधाक सगळा कळा होता. माका तुमी सांगा." मी सांगितले. त्याला त्यातला एकही शब्द कळला नाही. शेवटी तो म्हणाला, "उद्या देवळात गाऱ्हाणा घालूया."

गाऱ्हाणे म्हणजे देवापुढे मांडलेली विनंती. गावकर, म्हणजे गावचा मानकरी, बोलतो आणि जमलेले सर्वजण होकार भरतात. तथापि काय मागावयाचे, हे गावकराला स्पष्ट कळावे लागते. तेच सांगता आले नाही तर गाऱ्हाणे होणार नव्हते, आणि गाऱ्हाण्यावाचून दत्ताराम मुलीला उंबरठा ओलांडू देणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी सभामंडपात मी उभा राहिलो. "स्पर्धेच्या अभावी उद्भवणाऱ्या किमतींचे व सेवांचे परीक्षण—"

"भावोजी," गावकर हात जोडून म्हणाले, "देव मॅट्रिक नाय. फोड करून सांगा."

मंडपात हशा पिकला. शालिनी माझ्या मागे उभी होती. ती हळूच म्हणाली, "काका, आत्या सांगी तसा सांगा."

तू नेहमी समोरच्या वस्तूपासून आरंभ करायचीस. मी डोळे मिटले.

"खाडीवर एकच होडी असली, की होडीवाला म्हणेल तेव्हा जावे लागते आणि मागेल ते भाडे द्यावे लागते. तेथे दुसरी होडी का येत नाही, कोणी अडवली काय, पहिल्या होडीवाल्याने भाडे किती घ्यावे, हे शालिनी विचारणार. होडीच्या जागी कोठे मोटार असेल, कोठे वीज, कोठे सिमेंट."

डोळे उघडले, तेव्हा सारा मंडप खांबाला टेकलेल्या एका माणसाकडे पाहत होता. मी आबाला पाहिलेच नव्हते.

"माका कित्याक बघतास?" आबा गुरगुरला.

गावकरांनी मात्र सूर लावला. "बा देवा म्हाराजा! जो कोण एकटो आसा म्हणान लोकांची अडवणूक करता, तेका ह्या दत्तारामाचा चेडू जाब विचारतला. चेडवाक यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सारे गरजले. देवापुढे गप्प कसे राहावे? आबाचा होकार सर्वांत मोठा होता. दत्तारामाचाही ऐकू आला.

 घरी परतताना दत्ताराम म्हणाला, "सगळ्यांच्या समोर व्हय म्हटलंय. आता मागे कसो येतलंय?" आणि फाटकाशी थांबून, "भावोजी, तुमीय हय ऱ्हवाक येवा. सुधाची खोली आसाच."

शालिनीला घेऊन निघालो, तेव्हा आबाची होडी काठाला तयार होती.

"गो शाले, पयलो जाब माकाच विचारतलंस काय?"

"व्हय म्हाराजा!" ती म्हणाली, आणि आबा हसत हसत होडी ढकलू लागला.

अर्थशास्त्राच्या पदवीधरांनी ही वाट अवश्य धरावी. पगार बेताचा असतो, फिरती पुष्कळ असते. काठावर ताटकळणाऱ्यांत एकदा तरी बसून पाहावे.

शालिनी महिलांच्या वसतिगृहात राहते. माझी पुस्तके तिने नेली. मी निवृत्त झालो आहे आणि उद्याच्या बोटीने मसुऱ्यास कायमचा राहायला जात आहे. तुझ्या माहेरी आता मला बोलता येते. एवढे त्या प्रवासातून उरले.

सरकारी वसाहतीतल्या आपल्या खोल्या रिकाम्या केल्या. खिडक्या लावल्या. दाराला कुलूप घातले आणि किल्ल्या कार्यालयात परत केल्या.