मेलकरचा दुभाष्या

जैनुद्दीन परकारच्या हातून आयुष्यात जे काही वाईट झालं ते चांगुलपणापायीच झालं, असं त्याची बायको खुदेजा म्हणते. ती हे कौतुकाने म्हणते की वैतागून, ते ऐकणाऱ्याने ठरवायचं.

दाभोळच्या खाडीवरच्या गावातून जैनुद्दीन विशीत ओमानला गेला आणि सलालाहला स्थिरावला. आधी समुद्रावरच्या एका हॉटेलात खोल्या आवरायचं काम केलं. तिथल्या गोऱ्या पाहुण्यांमुळे इंग्रजी जिभेवर बसली. मग एका कंत्राटदाराची गाडी चालवली. अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, शेजारच्या सीटवर बसून अरबी शिकला. अर्बाब आपल्या मजुरांना ओरडायचा, "गाढवांनो, तुमच्या बापजाद्यांनी कधी भिंत पाहिली होती का?" जैनुद्दीन ते हिंदीत सांगायचा, "शेठ म्हणतायत, भिंत जरा सरळ घ्या." मजूर चिडून काहीबाही बोलायचे. तो अरबीत सांगायचा, "इन्शाल्ला म्हणतायत, उद्या सरळ होईल." दोन्हीकडची माणसं शांत होऊन कामाला लागायची. भिंत वाकडीच राहायची, पण मारामारी कधी झाली नाही. या गोष्टीचा जैनुद्दीनला मनातून फार अभिमान होता.

पुढे तो सलालाहच्याच एका फुटबॉल क्लबात बस चालवायला लागला. क्लब मधल्या फळीतला. वर चढण्याची ऐपत नाही आणि खाली घसरण्याची तयारी नाही, असा. फुटबॉलमधलं जैनुद्दीनला एवढंच कळायचं की हरलं की बसमध्ये कोणी बोलत नाही आणि जिंकलं की कोणी ऐकत नाही.

२०१४ च्या सप्टेंबरात क्लबच्या सेक्रेटरींनी त्याला बोलावून सांगितलं, "आपण युरोपातून खेळाडू आणलाय. स्वीडनचा. कोचला इंग्रजी येत नाही, त्याला अरबी येत नाही. तू बस चालवतोच आहेस, तेवढं बोलणंही चालव."

जैनुद्दीनने घरी येऊन बातमी दिली. "मेलकर नावाचा पोरगा येतोय."

"मेलकर?" खुदेजाने विचारलं. "कुठले? गुहागरकडचे?"

मुलगी अल्फिया आठवीत होती आणि घरात फुटबॉलची माहिती असलेली ती एकटीच. तिने फोनवर शोधून काढलं. मेल्कर हे त्याचं पाळण्यातलं नाव, आडनाव ओसबेर्ग. वय एकवीस. सतराव्या वर्षी तो देशाच्या कुमार संघात खेळला होता आणि तिथल्या पेपरांनी त्याला उद्याचा तारा ठरवलं होतं. अठराव्या वर्षी गुडघा गेला. गुडघा बरा होईपर्यंत पेपरांना दुसरे तारे मिळाले. मग मोठ्या क्लबाने त्याला लहान क्लबाला दिलं, लहान क्लबाने सोडून दिलं, आणि एका एजंटने फोन करून विचारलं की ओमान कुठे आहे हे त्याला ठाऊक आहे का.

"एकविसाव्या वर्षी माणूस माजी झाला," अल्फिया इंग्रजीत म्हणाली. मग अम्मीकडे बघून मराठीत शब्द शोधत म्हणाली, "म्हणजे... त्याचं झालं. आधीच."

विमानतळावर उतरला तेव्हा मेल्करच्या डोक्याला उन्हाची टोपी होती, नाकाला पांढरं मलम होतं आणि बाहेर भुरभुर पाऊस पडत होता. सलालाहला त्या दिवसांत डोंगर हिरवे असतात; तिथे खरीफ म्हणजे पीक नव्हे, हीच ओली हवा. रस्त्याकडेला नारळाच्या बागा आणि शहाळ्यांच्या टपऱ्या बघून पोरगा गोंधळला. "वाळवंट कुठे आहे?" त्याने विचारलं.

"आहे, लांब आहे," जैनुद्दीन म्हणाला. पाहुण्याचा हिरमोड व्हायला नको म्हणून त्याने वर जोडलं, "फार सुंदर आहे."

कोच अब्बास इराकी होते. जाड मिशा, भरदार आवाज, आणि मनात आलेलं तोंडातून जायला मध्ये कुठलाही थांबा नाही. पहिल्या सरावातच त्यांनी मेल्करला ओळखलं. पायात कसब होतं, पण कोणी अंगावर आलं की तो बाजूला होऊन वाट द्यायचा. वर 'सॉरी' म्हणायचा.

सराव संपल्यावर कोच कडाडले, "याला सांग, हा चेंडूशी असा खेळतो जसं काही तो दुसऱ्याच्या घरातलं काचसामान आहे. धक्का मार म्हणावं, कोपर मार. भुकेला असल्यासारखा खेळ. नाहीतर विमानात बस आणि आईकडे जा!"

जैनुद्दीनने त्या पोराकडे पाहिलं. गोरा चेहरा उन्हाने लाल झालेला, डोळ्यांत नव्या शाळेतल्या पोराची धास्ती. याची आई कुठल्या बर्फात बसली असेल कोण जाणे, असं त्याच्या मनात आलं.

"कोच म्हणतायत," तो इंग्रजीत म्हणाला, "तू फार सभ्य खेळतोस."

मेल्करचा चेहरा उजळला. "थँक यू," तो कोचना म्हणाला आणि चक्क थोडा वाकला.

"काय म्हणाला?"

"म्हणतो, समजलं."

दुसऱ्या दिवसापासून मेल्कर आणखी सभ्य खेळू लागला.

उलट दिशेची वाहतूकही अशीच चालायची. काही आठवड्यांनी मेल्कर धीर करून बोलला की तो खरं म्हणजे डाव्या बाजूचा खेळाडू आहे, कोच त्याला मध्ये का उभा करतात, आणि अशी सरावाची पद्धत त्याने फक्त जुन्या फोटोंत पाहिली आहे. जैनुद्दीनने अरबीत सांगितलं, "म्हणतो, तुमच्याकडून पुष्कळ शिकायला मिळतंय. कधी डावीकडून खेळवलंत तर उपकार होतील."

"आधी मध्ये तरी खेळू दे," कोच म्हणाले. पण शिकायला मिळतंय हे ऐकून त्यांना बरं वाटलं. पोरगा नालायक असला तरी संस्कारी आहे, असं त्यांनी सेक्रेटरींना सांगितलं आणि त्याला राखीव खेळाडूंच्या बाकावर बसवलं. बाकावर का बसवलं, असं मेल्करने विचारलं तेव्हा जैनुद्दीन म्हणाला, "कोच तुला मोठ्या सामन्यांसाठी जपतायत."

असे दिवाळीचे दिवस गेले, नाताळ आला. मेल्कर बाकावर बसून मोठ्या सामन्याची वाट बघत होता आणि कोच त्याला भूक लागायची वाट बघत होते.

नाताळच्या सुट्टीत एकट्या पोराने खोलीत काय बसायचं, म्हणून जैनुद्दीनने त्याला घरी जेवायला आणलं. खुदेजाने कोलंबीचं सालन, तांदळाच्या भाकऱ्या आणि सांदणं केली होती. मेल्कर दोन्ही हातांनी भाकरी तोडायला लागला, तेव्हा तिने त्याला एका हाताने तोडायला शिकवलं. चौथी भाकरी वाढताना ती अल्फियाला म्हणाली, "विचार त्याला, गोल का करत नाहीस?"

"अगं, जेवताना काय हे?" जैनुद्दीन म्हणाला. पण अल्फियाने विचारून टाकलं होतं, जसंच्या तसं.

मेल्कर ओशाळून हसला. "मला खेळायला मिळत नाही ना. पण कोच माझ्यावर खूश आहेत. पहिल्या दिवशीच म्हणाले, मी सभ्य खेळतो."

अल्फियाने ते अम्मीला सांगितलं. खुदेजाने हातातला डाव पातेल्यात ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. जैनुद्दीन सांदण खाण्यात फार गुंतलेला होता.

पाहुणा गेल्यावर तिने विषय काढलाच. "तो अब्बास रस्त्यात भेटला तरी चार शिव्या दिल्याशिवाय सलाम करत नाही. तो म्हणाला सभ्य?"

"पोरगं परक्या देशात एकटं आहे, खुदेजा. कशाला त्याचं मन मोडायचं?"

"मन सांभाळता सांभाळता नोकरी मोडाल त्याची. उद्या क्लबाने तिकीट हातात दिलं की ते कसं गोड करून सांगणार आहात?"

 उद्यापासून खरं सांगू, असं जैनुद्दीनने ठरवलं. पण दुसऱ्या दिवशी कोच जे बोलले ते इतकं भयंकर होतं की सुरुवात करायला तो दिवस बरा नव्हता. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नव्हता.

एक गोष्ट मात्र जैनुद्दीनच्या हिशेबात नव्हती. बाकावर मेल्करच्या शेजारी मुसल्लम नावाचा राखीव गोलकीपर बसायचा. त्यालाही दुसरं काम नव्हतं. सामनेच्या सामने दोघं शेजारी बसून एकमेकांना भाषा शिकवायचे. मुसल्लमला स्वीडिश काही आली नाही, पण मेल्करला अरबी येऊ लागली. आणि कुठलीही भाषा अशी बाकावर शिकली की तिच्यातल्या शिव्या आधी येतात. सरावात कोच ओरडायचे तेव्हा मेल्करला त्यातले ओळखीचे शब्द ऐकू यायला लागले. नंतर जैनुद्दीनच्या इंग्रजीत ते शब्द कुठेच सापडायचे नाहीत. पोरगा नुसता ऐकत राहिला.

जानेवारीच्या अखेरीस सोहारहून आलेल्या संघाशी सामना होता. मधल्या जागेवरचा नेहमीचा खेळाडू तापाने पडला आणि मेल्करला उतरवावं लागलं. पहिल्या अर्ध्यात त्याने तीन वेळा समोरच्याला वाट दिली. मध्यंतराला ड्रेसिंग रूममध्ये कोच त्याच्यासमोर येऊन उभे राहिले. ओरडले नाहीत. सगळ्यांकडे बघून थंडपणे म्हणाले, "हा लग्नाला आलेला पाहुणा आहे. बिर्याणी येईपर्यंत भिंतीशी उभा राहणार, मग घरी जाणार. सामना संपला की याचंही खलास."

पोरं हसली. मेल्करने मान वळवून जैनुद्दीनकडे पाहिलं.

 "कोच म्हणतायत," जैनुद्दीनने सुरुवात केली, "तू शांत राहतोस, ही फार चांगली..."

"अना मा दैफ," मेल्कर म्हणाला. मी पाहुणा नाही.

उच्चार कच्चा होता, पण शब्द अरबी होते. कोचच्या मिशा हलल्या. मेल्कर उठला, बुटाची नाडी आवळली आणि जैनुद्दीनच्या अंगावरून बाहेर गेला. 'सॉरी' म्हणाला नाही.

दुसऱ्या अर्ध्यात त्याने कोपर मारलं, खांदा मारला, एका धिप्पाड बचावपटूला चेंडूसकट गोलात ढकललं. तो गोल पंचांनी दिला नाही. मग त्याने दुसरा केला, तो द्यावा लागला. सामना संपता संपता पंचांशी त्याने अरबीत वाद घातला. मुसल्लमने शिकवलेले शब्द पुरेपूर वापरले आणि लाल कार्ड घेऊन बाहेर आला. कोच अब्बासनी त्याला मिठी मारून दोन्ही गालांचे मुके घेतले.

बसमध्ये मेल्कर ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर येऊन बसला. सगळे गात होते. त्याने वाकून विचारलं, "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून," जैनुद्दीन रस्त्याकडे बघत म्हणाला.

"का?"

"तू घाबरलेला होतास."

मेल्कर मग म्हणाला, "गुडघा गेल्यापासून मी चांगला खेळतो असं मला कोणीच म्हटलं नव्हतं. मी आईला फोन करून सांगितलं होतं, कोच म्हणतात म्हणून." तो हसला, पण ते हसू काही फार बरं नव्हतं. "आता खरं सांग, जैन. सगळं. मी बाकी राहिलेलं वर्ष वाया घालवणार नाही."

जैनुद्दीनने वचन दिलं. अडचण अशी की, हॉटेलात शिकलेल्या त्याच्या इंग्रजीत टॉवेल होते, नाश्ता होता, सुप्रभात होतं, अपमान नव्हता. कोचचं एखादं वाक्य सांगताना तो मध्येच अडायचा आणि मेल्करच त्याला शब्द पुरवायचा. पोरगा मार्चपर्यंत डाव्या बाजूने खेळू लागला, कारण ते त्याने कोचना स्वतःच भांडून सांगितलं. दोघांची रोज जुंपायची आणि दोघंही मजेत होते.

मे महिन्यात क्लब नववा आला आणि कोच अब्बासना काढून टाकलं. मेल्करला त्याच्या देशातल्या वरच्या फळीतल्या क्लबाने बोलावून घेतलं. अल्फियाने तिथल्या पेपरातली बातमी भाषांतर करून वाचून दाखवली: अरबस्तानच्या वाळवंटाने या कोवळ्या मुलाला पोलाद केलं, असं त्यात होतं. बिचाऱ्याने वाळवंट शेवटपर्यंत पाहिलं नव्हतं.

जाताना कोच अब्बासनी सेक्रेटरींना सांगितलं की क्लबात एकच माणूस कामाचा आहे, तो दुभाष्या; माझा शब्द न् शब्द त्याने पोचवला, म्हणून तो पोरगा घडला. सेक्रेटरींनी जैनुद्दीनला रीतसर दुभाष्या नेमलं. पुढच्या मोसमात नवे कोच आले, घानाचा एक नवा खेळाडू आला. पहिल्याच दिवशी कोच म्हणाले, "हा जाडा आहे." शहाण्या झालेल्या जैनुद्दीनने मन घट्ट करून सांगितलं, "कोच म्हणतायत, तू जाडा आहेस." खेळाडूने बूट काढून कोचच्या दिशेने भिरकावले आणि त्याच आठवड्यात तो परत गेला. जैनुद्दीन सेक्रेटरींकडे जाऊन आपली बस परत मागून आला.

मेल्कर पुढे तीन मोसम चांगला खेळला. मग दुसरा गुडघा गेला. पंचविसाव्या वर्षी त्याने फुटबॉल सोडलं आणि आपल्या बर्फाळ गावात तो लहान मुलांना शिकवू लागला. त्या मुलांवर तो अरबीत ओरडतो म्हणे, कारण त्याचा अर्थ आईबापांना कळत नाही. ईदला त्याचा फोन न चुकता येतो. गेल्या ईदला खुदेजा शेजारीच बसली होती. अल्फिया कॉलेजसाठी मुंबईला गेलेली, त्यामुळे मध्ये बोलायला जैनुद्दीनच होता.

"विचारा त्याला, लग्न कधी करतोस?" खुदेजा म्हणाली.

जैनुद्दीनने विचारलं. मेल्करने आनंदाने सांगितलं की एका मुलीबरोबर दोन वर्षं राहतोय, पुढच्या महिन्यात बाळ होईल, लग्नाचा काही विचार नाही.

"काय म्हणतो?"

"झालं म्हणतो लग्न," जैनुद्दीन म्हणाला.

खुदेजाचा चेहरा पडला. "बघा! आणि आपल्याला साधं आमंत्रण नाही."