गोणीत न घातलेलं लाटणं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही — आणि ह्यांना तर मी शेजारच्या घरात काय शिजलं तेही सांगते! तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून धीर होतोय का? असेल. बसा जरा.

आधी माझी थोडी फुशारकी ऐकून घ्या, ती पुढे लागणार आहे. आमच्या पोलादपुरात मुंबईला काही धाडायचं असलं की लोक माझ्या ओटीवर येतात. गोणपाट, भाताचा पेंढा, सुतळी आणि दाभण — एवढ्यावर मी लोणच्याची काचेची बरणी बोरिवलीला पोचवलेली आहे, तेलाचा थेंब न सांडता. आणि माझा टाका! सुतळी दोनदा वळवून मध्ये गाठ, सासूबाईंनी शिकवलेली. वरची चिठ्ठी फाटली तरी चाकरमानी टाक्यावरून ओळखतात, ही गोणी काकूंनी शिवलेली. माझ्या हातचं काही फुटत नाही असं सगळे म्हणतात. म्हणूनच तर माझ्यावर कुणाचा संशय आला नाही.

अनू माझी धाकटी. सायकलवेडी! उजाडलं की आंबेनळी घाट चढायला निघायची आणि मी दारात उभी, आत दूध उतू जातंय याचंही भान नाही. एकदा वळणावर घसरली, गुडघा फोडून घरी आली, ती हसत. म्हणे, आई, उतरताना पडले गं, चढताना नाही. आता याला काय म्हणावं?

थोरला ठाण्याला असतो. गणपतीला येतो, विसर्जन करून लगेच चपला पायात घालतो. आमच्या आळीतल्या निम्म्या घरांची कुलपं शिमग्याला निघतात नि पुन्हा लागतात. एक तरी लेकरू डोळ्यांसमोर —

पाहा, लागले मी कारणं द्यायला. द्यायची नाहीत असं ठरवून बसले होते.

तर, नाशिकला चाचणी होती. निवड झाली की तिथेच राहून सायकलिंग शिकायचं, पुढे देशभर शर्यती. अनू परीक्षेसाठी आधी पुण्याला गेली, तिथून ती परस्पर नाशिकला जाणार होती. सायकल मागून महाडच्या ट्रान्सपोर्टने मी पाठवायची. जाण्याआधी तिने मला सगळं शिकवलं. डावं पायडल उलटं फिरतं, उगाच जोर लावू नकोस. हँडल वळवून दांडीला बांध. टायरमधली थोडी हवा सोड. मागच्या गिअरला चिंध्यांची उशी दे. आणि पुढचं चाक काढलं की ते धरणाऱ्या चिमट्याचे दोन पाय मोकळे राहतात, वरून वजन पडलं की ते आत दबतात — म्हणून त्यांच्या मध्ये आडवं लाकूड घालायचंच. त्यासाठी माझं मोडकं लाटणं तिने करवतीने कापून बरोब्बर मापाचं करून ठेवलं. त्याच्या एका टोकाला तव्याने भाजल्याचा काळा डाग होता. निघताना गळ्यात पडून म्हणाली, बाकी काही विसरलीस तरी चालेल, लाटणं विसरू नकोस.

मी विसरले नाही.

दुपारी ओटीवर बसून सायकल बांधली. किती मायेने बांधली म्हणून सांगू! माझ्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या काढून एकेक नळी गुंडाळली, तान्ह्या पोराला बाळोत्यात गुंडाळावं तशी. पेंढा भरला. शेवटी लाटणं हातात घेतलं. चिमट्यात लावूनही पाहिलं — फिट्ट बसलं. मग काढलं. बाजूला ठेवलं. आणि गोणीचं तोंड शिवून टाकलं. चिमटा मोडेल हे मला माहीत होतं. मोडावं असंच वाटत होतं, दुसरं काय?

मोडलाच. नाशिकला गोणी उघडली तर चिमटा आत दबून वाकडा झालेला. तिथल्या कुणाचीतरी सायकल घेऊन पोर चाचणीत उतरली. सीट उंच, पाय धड पोचेनात. मागे पडली. निवड झाली नाही. फोनवर तिने एवढंच विचारलं, आई, लाटणं घातलं होतंस ना? मी म्हटलं, म्हणजे काय! वाटेत कुणीतरी गोणी उसवून बघितली असेल. ती बरं म्हणाली.

हे चिडले. मला घेऊन महाडला ट्रान्सपोर्टच्या गोदामात गेले आणि रामा हमालावर तुटून पडले. म्हातारा माणूस. आमची गोणी त्यानेच चढवली होती. ह्यांच्याशी तो बोललाच नाही, माझ्याकडे बघून म्हणाला, "वैनी, तुमची गोणी मी कधी आपटलीय काय गो? मी नाय टाकली. तुमी तरी सांगा ह्यास्नी." मी काय सांगितलं? पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिले. पुढे कधी महाडला गेले की त्या रस्त्याने जायचं टाळायची. आता रामा नाही. त्याला सांगायचं राहूनच गेलं.

अनू परत आली त्या दिवशी मी घावणे केले, नारळाचा रस केला. आनंदाने केले, हेही सांगून टाकते. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडत होती आणि मी तिच्या केसांतून हात फिरवत मनात म्हणत होते, आली गं बाई माझी घरी. शी!

आज ती महाडच्या शाळेत खेळ शिकवते. सायकलला नवा चिमटा बसवला. संध्याकाळी घरी येते, माझ्या गुडघ्यांना तेल लावते, मला हसवते. मला हवं होतं ते सगळं मिळालं की! लाटण्याचा तो तुकडा मी तांदळाच्या पिंपात तळाशी खुपसून ठेवला होता. टाकवला नाही. पिंप रिकामं होत आलं की मापट्याला टक्कन लागायचा.

परवा तिने आपली सायकल ओटीवर आणली. तिच्या शाळेतली एक मुलगी नाशिकला निवडली गेलीय, तिला देऊन टाकतेय म्हणाली. पॅकिंग तूच कर. दोघी बसलो. पट्ट्या गुंडाळून झाल्या, पेंढा झाला. चिमट्यात घालायला काठी शोधायला ती उठली तेव्हा मी आत गेले, पिंपात कोपरापर्यंत हात घातला आणि लाटणं आणून तिच्या हातात दिलं.

तिने त्याला लागलेलं तांदळाचं पीठ पुसलं. काळ्या डागावरून अंगठा फिरवला. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"टाका तुझाच होता, आई," ती म्हणाली. "नाशिकला गोणी उघडताना बघितला होता मी. कुणी उसवली नव्हती."

म्हणजे तेव्हापासून. मांडीवर डोकं ठेवून रडली तेव्हाही. एवढी वर्षं गुडघ्यांना तेल लावताना.

तिने लाटणं चिमट्यात बसवलं, हलवून पाहिलं, वरून पट्टी बांधली. मग गोणीचं तोंड दोन्ही हातांनी जुळवून माझ्यासमोर धरलं आणि म्हणाली, शिव. मी दाभणात सुतळी ओवली आणि शिवायला लागले.