रुबाबदार पोरगी

अचलपूरला आम्ही तिला खाला म्हणायचो. ती ब्लाउज शिवायची. ओठांत टाचण्या धरून बोलायची, त्यामुळे निम्मं बोलणं भुवयांवरून ओळखावं लागे. त्या वर्षांत कापसाच्या पडलेल्या भावाने सगळ्यांनाच झोपवलं होतं. नवं कापड क्वचित यायचं. जुनंच उसवून ती बेतून द्यायची.

मी उंच, रुंद खांद्यांची. "मुलगी चांगली आहे, पण नाजूक नाही," म्हणून दोन स्थळं परतली होती. तिसरं येणार तेव्हा आईने मला खांदे लहान दिसतील असा ब्लाउज शिवून घ्यायला खालाकडे धाडलं. खालाने माप घेतलं आणि म्हणाली, "असा मले शिवता येत नाई, बेटा."

तेवढ्यात एक अनोळखी बाई आली. पोरींची मापं खालाकडे, म्हणून मुलाकडच्या बायका चौकशीला तिच्याकडेच यायच्या. या बाईने आमच्याच घराचं नाव घेतलं. "त्यायची पोरगी दिसाले कशी हाय?"

मी खांदे आवळून घेतले.

खालाने तोंडातल्या टाचण्या काढल्या. "रुबाबदार हाय."

"पोरीले रुबाबदार म्हंतात काय वो?"

"मंग काय म्हनू? हे पाहा, समोरच उभी हाय."

बाईने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि एकदम हसली. "बरं झालं बापा! माया पोरगाच नाजूक हाय."

आठवड्याने तो मला पाहायला आला. त्याची आई खरं बोलली होती. पुरुषाला देखणा म्हणतात, पण मला तो सुंदर वाटला.