सासरेबुवांची सियू दाई

प्रणिता देवस्थळी कोथरूडची, आणि गाणी म्हणायची घोड्यांची, धुळीच्या रस्त्यांची, गाव सोडून गेलेल्या प्रियकराची. तीही इंग्रजीत, गिटारवर. कॉलेजात असताना तिला ही अमेरिकी खेड्यापाड्यांतली गाणी कुठूनशी ऐकायला मिळाली आणि ती त्यांच्यातच अडकली. पुढे सीए झाली, लग्न झालं, नवऱ्याबरोबर सिंगापूरला आली, बिशानला फ्लॅट घेतला, गार्गी झाली; पण गिटार सुटली नाही. दिवसभर एका बँकेत ऑडिटचं काम करायचं आणि शनिवारी संध्याकाळी एका छोट्या रेस्टॉरंटमध्ये गायचं. स्वतः लिहिलेल्या गाण्यांचे दोन अल्बमही तिने इंटरनेटवर टाकले होते. ते ऐकले कोणी? मैत्रिणींनी, एकदा. याचं तिला वाईट वाटायचं, पण ते ती कोणाला बोलून दाखवत नसे.

सासूबाई, म्हणजे शुभदाताई, गेल्या आणि क्षितिज आपल्या वडिलांना साताऱ्याहून घेऊन आला. रवींद्रराव शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. सुनेशी त्यांचं बोलणं पहिल्यापासूनच बेताचं, आता तर तेही आटलं. सकाळी आंघोळ करून ते व्हॉइड डेकवर, म्हणजे इमारतीच्या तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत, बाकावर जाऊन बसत आणि जेवायला वर येत. काय हवं विचारलं तर म्हणत, "काही नको."

एकदा प्रणिता गिटार घेऊन बसली असताना त्यांनी विचारलं, "ही कुठली गाणी म्हणायची?"

"कंट्री म्हणतात याला, बाबा. अमेरिकेतल्या गुराख्यांची, शेतकऱ्यांची गाणी."

"आणि तू कुठल्या खेड्यातली?"

ती हसली, पण ते तिला लागलं. ते वाक्य दोन दिवस तिच्या डोक्यात घोळत राहिलं.

मग एका रविवारी ती लिटिल इंडियातून हिंग घेऊन आली. डबी पिशवीत फुटली होती आणि एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, डब्यात सगळीकडे वास सुटला होता. घरी आल्यावर गार्गीला हसवायला म्हणून तिने ती हकिगत तिथल्या तिथे गाण्यात रचली. चाल तीच तिची नेहमीची, धुळीच्या रस्त्यांची, पण शब्द मराठी.

"लिटिल इंडियात हिंग घेतला, बसले एमआरटीत," इथपर्यंत छान झालं. पुढे "आजूबाजूचे सगळे लोक दुसरीकडे बसले" असं काहीतरी आलं आणि गाणं पांगळं झालं. गार्गी म्हणाली, "सो सॅड लाह, ममा. डझन्ट राइम."

गॅलरीतल्या खुर्चीतून रवींद्ररावांचा आवाज आला. "शेजारचे ते उठून गेले, मी एकटीच ऐटीत."

प्रणिता गिटार मांडीवर तशीच धरून वळली. ते वर्तमानपत्रातच बघत होते.

"परत सांगा ना, बाबा."

"ऐकलंस की. एमआरटीत, ऐटीत. सरळ आहे."

रात्री जेवताना क्षितिजने खुलासा केला. बाबा म्हणजे गल्लीचे कवी. कोणाचं लग्न असलं की मंगलाष्टकं यांची, डोहाळजेवण असलं की गाणं यांचं. हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी तर बायका दारात उभ्या, उखाणे मागायला. "आईसाठी दर संक्रांतीला नवा उखाणा असायचा. ती तो घेऊन मिरवायची." शुभदाताई आजारी पडल्यापासून बाबांनी एक ओळही रचली नव्हती, हेही प्रणिताला त्याच्याकडूनच कळलं.

दुसऱ्या दिवशी तिने मुद्दामच एक अर्धवट कडवं म्हटलं. बाबांनी ते पूर्ण केलं. तिसऱ्या दिवशी ते आपणहून म्हणाले, "अगं, ती सियू दाई कोण?"

"कोण?"

"खाली कोपीच्या दुकानात. जो येतो तो तिचं नाव घेतो. कोपी सियू दाई, कोपी सियू दाई. मी इतके दिवस बघतोय, बाई काही बाहेर येत नाही."

कोपी म्हणजे कॉफी आणि सियू दाई म्हणजे साखर कमी, हे प्रणिताने सांगितलं. रवींद्ररावांचे खांदे हलायला लागले. सातारा सोडल्यापासून ते पहिल्यांदा हसले. डोळे पुसत ते म्हणाले, "वाजव. तुझी ती घोड्याची चाल वाजव."

सियू दाई, सियू दाई, हाक मारतो जो तो,
दाई काही येत नाही, कप तेवढा येतो.

त्यानंतर घरात रोज संध्याकाळी हाच उद्योग. खिडकीबाहेरच्या बांबूवर वाळत घातलेला बाबांचा लेंगा उडाला आणि खालच्या मजल्यावरच्या मलय आजींच्या कुंडीत पडला, त्याचं एक गाणं. दुरियन या इथल्या उग्र वासाच्या फळाला फणसाच्या घरून स्थळ येतं, पण मुलाच्या वासामुळे लग्न मोडतं, त्याचं एक. प्रणिताची चाल आणि बाबांचे शब्द. भांडणंही होत. "इथे गिटार थांबव, लोकांना हसायला जागा हवी," ते म्हणत. ती म्हणे, "थांबवली तर ठेका जाईल." मग दोघं गार्गीला ऐकवून निकाल घेत.

याचा अल्बम करायचा असं प्रणिताने ठरवलं तेव्हा क्षितिज जरा बिचकला. "इतकी वर्षं तू गंभीर गाणी लिहिलीस. आता लोक तुला विनोदी म्हणूनच ओळखतील."

हे तिच्याही मनात येऊन गेलं होतं. "ओळखतील तरी," ती म्हणाली.

बेडरूममध्ये भिंतींना रजया लावून रेकॉर्डिंग सुरू झालं. शेवटचं गाणं उखाण्यांचं होतं. हळदीकुंकवाला बायका जमल्या आहेत आणि त्या एका म्हाताऱ्यालाच नाव घ्यायचा आग्रह करतात, अशी कल्पना. बायकांच्या ओळी प्रणिताच्या आणि म्हाताऱ्याचा उखाणा बाबांच्या आवाजात. तो काय असणार हे त्यांनी आधी सांगितलं नव्हतं. माइकसमोर ताठ बसून ते म्हणाले:

"वॉशिंग मशीनला बटणं सतरा, एकही मला कळेना,
शुभदा..."

आणि ते थांबले. उभ्या संसारात त्यांनी बायकोला नावाने हाक मारली नव्हती. अगं, ऐकलंस का, एवढंच. प्रणिता हेडफोन लावून बसली होती. त्यांचा श्वास तिला अगदी कानाशी ऐकू येत होता. थोड्या वेळाने त्यांनी ओळ पुरी केली.

"शुभदा असती तर म्हणाली असती, ह्यांना काही जमेना."

तिने त्यांना पाणी आणून दिलं. ते सावकाश पिऊन बाबा म्हणाले, "परत घेऊ. सलग म्हणतो." दुसऱ्यांदा त्यांनी ते न अडखळता म्हटलं, शाळेच्या संमेलनात म्हणावं तसं.

संध्याकाळी तिने दोन्ही ऐकवले. "कुठला ठेवू, बाबा?"

"पहिल्यात मी थांबलोय."

"हो."

"फार?"

"थोडंसं."

ते उठून गॅलरीच्या दारापाशी गेले. "पहिलाच ठेव. मधे तुझी गिटार वाजव. मात्र हळू."

तिने तिथे जे वाजवलं ते तिच्या पहिल्या, कोणी न ऐकलेल्या अल्बममधलं होतं. बाबांना ते माहीत नव्हतं. ते म्हणाले, "हे कुठून आणलंस? चांगलं आहे."

पाडव्याला अल्बम आला. तो काही जगभर गाजला नाही. पण इथल्या मराठी घरांत वाढदिवसांना, सहलींच्या बसमध्ये सियू दाई वाजायला लागली, मग पुण्याला पोचली. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात दोघांना स्टेजवर बोलावलं. लोक पोट धरून हसले, आणि उखाण्याच्या गाण्याला हसता हसता गप्प झाले. प्रणिताला आता सगळे हिंगवाली म्हणून ओळखतात. शनिवारी रेस्टॉरंटमध्ये ती अजून इंग्रजी विरहगीतं गाते. तेव्हा कोणीतरी मागून दुरियनच्या लग्नाची फर्माईश करतंच. कधी तिला ते खुपतं, कधी नाही.

व्हिजिट पासची मुदत संपत आली तसे रवींद्रराव साताऱ्याला परतले. मुलाने राहायचा आग्रह केला, पण त्यांना आपलं घर हवं होतं. विमानतळावर त्यांनी गार्गीचा मुका घेतला, क्षितिजच्या पाठीवर हात ठेवला आणि सुनेला म्हणाले, "फोन करत जा. मला नाही, माझ्या बिनचालीच्या शब्दांना."

गेल्या आठवड्यात त्यांचाच फोन आला, भर दुपारी, ती ऑफिसात असताना. "अगं, शेजारच्या नंदाच्या सुनेचं डोहाळजेवण आहे परवा. गाणं झालंय माझं, पण चाल बसत नाही. घे लिहून."

"बाबा, मी ऑफिसात आहे."

"बरं मग. हळू आवाजात म्हण."

प्रणिता पॅन्ट्रीत गेली. तिथे तिचा साहेब चहा करून घेत होता. तिने त्याच्याकडे पाठ केली, बाबांच्या ओळी ऐकून घेतल्या, फोन तोंडाजवळ धरला आणि त्यांची चाल गुणगुणायला लागली.