मागच्या सीटवरचं पोटॅशियम

कंडक्टरबाईंचे गुडघे पार कामातून गेले होते. धावत्या बसमध्ये दिवसभर उभं राहायचं म्हणजे काही खायचं काम नाही. डेपोत बॅटरी विभाग निघाला. काम बसून करायचं, पण आधी रसायनशास्त्राची तोंडी परीक्षा. बाई तिच्यात एकदा आपटल्या होत्या. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार, म्हणजे आता नाही तर कधीच नाही.

बाईंनी पहिली वीस मूलद्रव्यं पाठ केली, ती बसचे स्टॉप पाठ करावेत तशी. हायड्रोजनपासून सुटल्या की थेट कॅल्शियमलाच थांबायच्या. मधलं काही विचारलं की झाली पंचाईत! पुस्तक धरून सासूबाई बसायच्या. मूलद्रव्यांच्या तक्त्यात सोडियमच्या खाली कोण, असं त्यांनी विचारलं की सूनबाई निघाल्या पुन्हा हायड्रोजनपासून. मधल्या स्टॉपवर चढलेल्या माणसालाही पहिल्या स्टॉपपासून फिरवून आणतेस का गं, म्हणत म्हातारी पोट धरून हसायची.

टोमणा बाईंना चांगलाच झोंबला. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर त्यांनी अख्खा तक्ता बसमध्येच बसवला. दाराकडच्या कडेला उतरायला टपलेले लिथियम, सोडियम, पोटॅशियम, एकामागे एक. पलीकडे खिडकीशी हेलियम, निऑन, अरगॉन, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आणि पार मागे? तिथे तर कंडक्टरचा धाक पोचतच नाही. भर गर्दीत बाई एकट्याच हसल्या.

परीक्षेत सोडियमखालचं नाव त्यांनी फटकन सांगितलं. परीक्षक मॅडमनी चष्मा सावरला. पोटॅशियमखाली रुबिडियम येतं, ते तुमच्या अभ्यासात नाही, पण पाण्यात टाकलं तर काय होईल, सांगा बघू, म्हणाल्या.

 हे नावच बाईंनी कधी ऐकलं नव्हतं. मग त्यांनी डोळे मिटले आणि मनातल्या मनात बसच्या मागच्या टोकाला गेल्या.

"पोटॅशियमपेक्षा जास्त भडकेल, मॅडम. त्याचा बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रापासून आणखी लांब. मागच्या सीटवर माझा धाक चालत नाही, तसा त्याच्यावर केंद्राचा चालत नाही. तो निसटणारच."

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"कुणी नाही. आत्ता माझं मीच काढलं," बाई म्हणाल्या आणि स्वतःचंच बोलणं ऐकून त्यांचा ऊर भरून आला.

संध्याकाळी निकाल लागला. बाई पास! सासूबाईंनी आधी डोळे पुसले, मग पदर खोचून साऱ्या गल्लीला सांगत सुटल्या, की आमच्या सुनेनं न शिकवलेलं उत्तर दिलं.