एका बॉलची बॅटिंग

क्रिकेट मला कुणी शिकवलं नाही, मी ते दादाचं डोकं खाऊन काढून घेतलं. डोळखांबकडच्या आमच्या गावात भात कापून झालं की दादा आणि त्याचे मित्र मोकळ्या खाचरात स्टंप ठोकायचे. पोरींचं काम एकच, लांब गेलेला बॉल आणून द्यायचा. बॅट मागितली की दादाचं उत्तर ठरलेलं, "नियम तरी माहीत हायत का तुला?"

मग मी विचारत सुटले. बॉल एकाने मारला तर धावायचं दोघांनी का? "दोघांनी जागा बदलली की एक रन." आणि मधेच बॉल स्टंपला लागला तर? "त्या टोकाला जो पोचला नाय, तो रनआउट." झेल घेतला की आउट, दांडी उडाली की आउट, हे सोपं होतं. पण सहा बॉल झाले की बॉलर का बदलतात? "हात दुखतो म्हणून," दादा म्हणाला. नुसत्या थापा!

सिक्स आमच्यात नव्हतीच. आजूबाजूच्या खाचरांत वाल पेरलेला असायचा. बॉल उडून वालात पडला की मारणारा आउट, हा नियम वालाच्या मालकाचा, म्हणजे आमच्या काकांचा. सरपटत गेला तर मात्र समोरचे तो काढेपर्यंत धावून घ्यायचं.

एका रविवारी शेजारच्या पाड्याशी मॅच होती आणि आमचा एक गडी लग्नाला गेला. "दादा, मी हाय की!" त्याने कपाळाला हात लावला, पण सगळ्यात शेवटी म्हणून घेतलं. मी देवाकडे एवढंच मागत होते, एक बॉल तरी खेळायला मिळू दे.

शेवटचा बॉल उरला, दोन रन हवे होते, आणि दादाच्या समोरच्या टोकाचा गडी रनआउट झाला. त्याच्या जागी मी गेले. बॅट एकच, ती दादाकडे. माझ्या हातात नुसती काठी. म्हणजे बॉल दादाच खेळणार! माझं तोंडच पडलं.

दादाने बॉल सरपटत वालात घातला. त्यांचा गडी बांधावर थबकला, कारण काका तिथेच बसले होते. मग एकेक पाय जपून टाकत तो आत शिरला. "पळ गो!" दादा ओरडला. मी जीव खाऊन पळाले. दुसरा रन पुरा करून काठी रेषेत टेकली, तेव्हा बॉल अजून हवेत होता. जिंकलो!

पोरांनी दादाला खांद्यावर घेतलं. माझ्या नावावर शून्य. बरं, आउटही नाही. मग मी खेळले की नाही? मला रडूच फुटलं. खाली पडलेली बॅट उचलून मी दादाच्या जागी उभी राहिले.

"मॅच संपली, चल घरी."

"नाय येणार!"

त्यांचा बॉलर चप्पल घालत होता. हरलेला माणूस, त्याला कसली हौस? पण त्याने चप्पल परत काढली. "थांब गो, टाकतो एक." आणि दादाला टाकला होता तसाच, जोरात टाकला. मी सगळी ताकद लावून बॅट फिरवली आणि मधली दांडी उडाली.

"आउट!" त्यांची सगळी पोरं ओरडली.

मी घरापर्यंत नाचत गेले. "आई, मी आउट झाले!"